भारत आणि बांगलादेश, कुठलं जगणं बरं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य आणि लोकसंख्येची आकडेवारी वाचणं आणि ती मराठीत समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी उठून बांगलादेशाचं विचारतंच. कधी अचंब्याने, कधी रागाने. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, तेव्हा वर्ष पाहूनच वाचावेत.

बांगलादेश भारताच्या पुढे गेला म्हणतात. खरं आहे का?

कशात, ते आधी विचारायला हवं. ही चर्चा पेटली ऑक्टोबर २०२० मध्ये. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षाचा दरडोई उत्पन्नाचा अंदाज दिला: बांगलादेश १,८८८ डॉलर, भारत १,८७७. अकरा डॉलरचा फरक, पण आपल्याकडे त्यावर दोन आठवडे वाद झाले. ते कोविडचं वर्ष होतं, भारताची अर्थव्यवस्था जोरात आकसली होती आणि मोजणी बाजारातल्या विनिमय दराने होती. हातातल्या पैशात बाजारातून प्रत्यक्षात किती जिन्नस येतात त्या हिशेबाने मोजलं, तर भारत तेव्हाही पुढेच होता.

मला त्यापेक्षा उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान मिळून काढलेला मानव विकास निर्देशांक जास्त बोलका वाटतो. २०२३-२४ च्या अहवालात बांगलादेश १२९ वा आणि भारत १३४ वा होता. २०२५ च्या अहवालात दोघेही १३० व्या क्रमांकावर, दोघांचाही निर्देशांक ०.६८५. क्रमांक एकच आहे, पण त्याच्या आतलं चित्र वेगळं आहे. दरडोई उत्पन्न भारताचं ९,०४७ डॉलर आणि बांगलादेशाचं ८,४९८ (दोन्ही क्रयशक्तीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या जिन्नसांच्या हिशेबाने). शाळेत काढलेली सरासरी वर्षं जवळपास सारखीच, ६.९ आणि ६.८. आयुर्मान मात्र भारतात ७२ वर्षं, बांगलादेशात ७४.७. म्हणजे कमाई कमी आणि आयुष्य पावणेतीन वर्षांनी जास्त. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक या पावणेतीन वर्षांबद्दल आहे.

एवढासा देश आणि एवढा मोठा भारत. ही तुलनाच चुकीची नाही का?

चुकीची नाही, पण जपून करायची आहे. बांगलादेशाचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १७ कोटींच्या घरात. महाराष्ट्राची २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख होती. आपल्या विदर्भ-मराठवाड्याएवढ्या जागेत अख्ख्या महाराष्ट्राहून जास्त माणसं बसवा, वर दर पावसाळ्यात बरीचशी जमीन पाण्याखाली घाला, म्हणजे तिथली अडचण लक्षात येईल.

दुसरं, ‘भारत’ म्हणून जो आकडा येतो त्यात अनेक देश दडलेले असतात. २०२० च्या नमुना नोंदणीत (निवडक ठिकाणच्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत) हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं देशात २८ होती. केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. महाराष्ट्र या बाबतीत बांगलादेशाच्या स्पष्टपणे पुढे आहे. पण महाराष्ट्राच्या सरासरीतही मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोली पुण्या-मुंबईच्या आड जातात, हे आपण विसरतो.

हातात पैसा कमी असताना तिथली मुलं जगली कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून उत्तर लांबेल.

१९९० मध्ये बांगलादेशात हजारातली सुमारे १४५ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती. भारतात सुमारे १२६. म्हणजे ते आपल्या बरेच मागे होते. पुढच्या पंचवीस वर्षांत ते आपल्याला गाठून पुढे गेले. यात मोठा वाटा जुलाबावरच्या उपायाचा.

मीठ-साखरेचं पाणी जुलाबात जीव वाचवतं हे ढाका आणि कोलकाता इथल्या कॉलरा संशोधनातून १९६० च्या दशकात सिद्ध झालं. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० वरून चारच्याही खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

औषध सापडलं, पण ते घरात कसं पोचवायचं? फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं एकच काम लावून धरलं. बायकांची पथकं गावोगाव गेली आणि एक कोटीहून जास्त घरांत चुलीपाशी बसून आयांना हे पाणी करायला शिकवलं. पुडी नव्हती, चमचा नव्हता, बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. म्हणून माप हाताचंच ठेवलं. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मुठीत येईल तेवढा गूळ आणि अर्धा शेर (सुमारे अर्धा लिटर) पाणी. ‘लोबोण-गूर’, म्हणजे मीठ-गूळ. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. कार्यकर्तीने एकदा करून दाखवायचं आणि मग त्या बाईने स्वतः करायचं. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून चिमटीवर सगळा भर.

आता यातली खरी गंमत. कार्यकर्तीला पैसे किती घरं केली यावर मिळत नसत. काही दिवसांनी दुसरंच माणूस त्यातल्या काही घरांत अचानक जाई, बाईला प्रश्न विचारी, पाणी करायला लावी, त्याचा नमुना तपासायला नेई. तिला किती आठवतंय त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरे. आपल्याकडच्या कितीतरी योजनांत ‘इतक्या महिलांना प्रशिक्षण दिले’ एवढी एकच ओळ अहवालात असते. ती वाचताना मला दर वेळी ही मीठ-गुळाची परीक्षा आठवते.

महाराष्ट्रात याच तोडीचं काम झालं आहे, ते अभिमानाने सांगायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५ पासून गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. या आरोग्यदूत बाळाचा श्वास मोजत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. फरक इतकाच की आपल्याकडे ३९ गावांतून देशभर जायला दशकाहून जास्त काळ गेला.

तिथे लोकसंख्या आटोक्यात कशी आली? सक्ती केली का?

नाही. सक्ती आपण केली, १९७६-७७ मध्ये, आणि त्या धास्तीने नंतर कुटुंब नियोजनाचं नाव काढायला कार्यकर्ते कचरू लागले. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत. तिथे सरकारने गावातल्याच शिकलेल्या बायका नेमल्या. बाहेर पडायची मुभा नसलेल्या सुनेच्या दारी त्या गोळ्या घेऊन जात. आलेली बाई परकी अधिकारी नसे, ती ‘आपा’ असे, म्हणजे ताई. आज तिथला जननदर २.३ च्या आसपास आहे (२०२२). भारताचा २.० (२०१९-२१), महाराष्ट्राचा १.७. म्हणजे या आकड्यात आपण पुढे आहोत.

पण एक दुखरी गोष्ट इथे लिहायलाच हवी. मुलं कमी झाली तेव्हा आपण मुलीच कमी केल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, तरीही. बांगलादेशात कुटुंब लहान झालं, पण मुला-मुलींच्या जन्माचं प्रमाण निसर्गाच्या जवळपासच राहिलं. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर हे आधी.

संडासांच्या बाबतीत ते खरंच पुढे आहेत?

१९९० मध्ये तिथले तीनातला एक माणूस उघड्यावर जाई. २०१५ पर्यंत हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आलं. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३९ टक्के घरांना संडासाची कुठलीच सोय नव्हती. स्वच्छ भारत मोहिमेनंतर, २०१९-२१ च्या पाहणीत, १९ टक्के. पाच वर्षांत निम्मं होणं ही मोठी गोष्ट आहे. पण २ ऑक्टोबर २०१९ ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला, तेव्हा हे १९ टक्के कुठे होते?

तिकडची एक पद्धत बघा. १९९९-२००० च्या सुमारास राजशाहीजवळच्या मोसमोइल गावात कमल कार या भारतीय तज्ज्ञाच्या पुढाकाराने हा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनीच मोकळ्या जागेत जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा. आपापलं घर दाखवायचं. मग कोण कुठे परसाकडे जातं तिथे पिवळी पूड टाकायची. बघता बघता तळं, विहिरीची वाट, शाळेची मागची बाजू, सगळीकडे पिवळे ठिपके दिसू लागतात. मग हिशेब: रोजचं किती, वर्षाचं किती, पावसात ते जातं कुठे. इथवर आलं की बाया-बापड्यांचे चेहरे बदलतात. संडास कुठला बांधा हे कुणी सांगत नाही. लोक खड्डा खणतात, वर बांबूची झाकणी ठेवतात, जमेल तेव्हा सिमेंटची कडी बसवतात. साधे, ओबडधोबड संडास, पण वापरले जाणारे. ही पद्धत महाराष्ट्रातही आली, आणि आपल्याकडे त्याच काळात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाने गावागावांत चुरस लावली होती.

तिथल्या संडासांतले बरेच दोन-चार घरांत मिळून एक असतात आणि खड्डे भरून वाहतात, हेही खरं. पहिली पायरी त्यांनी लवकर चढली, दुसरी अजून बाकी आहे.

पिण्याच्या पाण्याचं काय?

ही बांगलादेशाची सगळ्यात दुःखद गोष्ट आहे. तळ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने जात होती, म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो हापसे बसवले. सगळ्यांच्या मनात भलंच होतं. १९९३ मध्ये कळलं की भूगर्भातल्या त्या पाण्यात आर्सेनिक आहे. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर काळे ठिपके आणि वर्षांनंतर कर्करोग. इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असं तिचं वर्णन झालं.

नंतर लाखो हापसे तपासले आणि रंगवले. विषारी पाण्याला लाल, चांगल्याला हिरवा. कल्पना करा, अंगणातला आपला हापसा लाल झाला आणि हिरवा हापसा शेजाऱ्याच्या दारात आहे, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे. घागर घेऊन तिथे जायचं कुणी? बाईनेच. कालांतराने रंग उडाले, नवे हापसे न तपासताच बसले. पश्चिम बंगाल आणि बिहारमध्येही हेच संकट आहे, आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडने दात पिवळे आणि हाडं वाकडी झालेली माणसं भेटतात. हापशाला पाणी लागलं की काम झालं असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकावी.

बायकांना तिथे जास्त मोकळीक आहे का?

कमाईच्या बाबतीत, बऱ्याच काळ, हो. १९७८-७९ मध्ये ‘देश गारमेंट्स’ या तिथल्या कंपनीने १३० जणांना शिकायला दक्षिण कोरियाला पाठवलं आणि तिथून तयार कपड्यांच्या धंद्याचा पाया पडला. आज कपडे शिवण्याच्या उद्योगात सुमारे चाळीस लाख लोक आहेत आणि त्यांत बायका बहुसंख्य. गावाकडची पोर ढाक्याला येते, खोली भाड्याने घेते, घरी पैसे पाठवते. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुली शाळेतही जास्त टिकल्या, कारण शिलाईच्या ओळीत उभं राहायला आकडे-अक्षरं यावी लागतात. १९९४ पासून ग्रामीण भागात माध्यमिक शाळेतल्या मुलींना सरकारी विद्यावेतनही मिळू लागलं.

याची किंमत फार मोठी मोजली गेली. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावार इथली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त जीव गेले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी कामगारांना आत बोलावलं. त्यानंतर इमारतींची तपासणी खूप सुधारली. पगार मात्र डिसेंबर २०२३ पासूनही किमान १२,५०० टका (टका हे तिथलं चलन) महिना, त्या वेळच्या दराने साडेनऊ हजार रुपयांच्या आसपास.

बालविवाहात मात्र बांगलादेश खूप मागे आहे. २०-२४ वयाच्या बायकांपैकी तिथे निम्म्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं, भारतात २३ टक्क्यांचं, महाराष्ट्रात २२. तेवीस हाही लाज वाटावी असाच आकडा आहे.

मग भारत नक्की कशात बरा?

दवाखान्यात. घरोघरी जाऊन करायच्या कामांत ते पुढे गेले. पण जिथे डॉक्टर, रक्त आणि सरकारी पैसा लागतो तिथे त्यांचं घोडं अडतं. भारतात ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात (२०१९-२१), बांगलादेशात ६५ टक्के (२०२२). आणि तिथल्या एकूण बाळंतपणांतली ४५ टक्के सिझेरियन, भारतात सुमारे २१. गरज नसताना पोट फाडणं आणि गरज असताना कुणी नसणं, दोन्ही एकाच देशात. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाणही आपल्याकडे कमी आहे.

तिथे आरोग्यावरच्या दर शंभर टक्यांतले सत्तरहून जास्त माणूस स्वतःच्या खिशातून भरतो. भारतात हा वाटा २०१३-१४ च्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ वर आला. परळला एका रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर मला बांगलादेशातल्या बरिशालकडचं एक जोडपं भेटलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांची जाडजूड फाईल, वर दोरी गुंडाळलेली. नवरा मोडक्या हिंदीत म्हणाला, अर्धी जमीन विकली, आता अर्धी उरली आहे. बायको काही बोलली नाही, ती पिशवीची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करत होती.

आणि खाण्यापिण्याचं?

वयाच्या मानाने खुरटलेली मुलं बांगलादेशात २४ टक्के (२०२२), भारतात ३५.५ आणि महाराष्ट्रातही ३५ (२०१९-२१). इतकं श्रीमंत राज्य, आणि तीनातलं एक मूल खुरटलेलं. मला हा आकडा सगळ्यात जास्त टोचतो. स्वच्छता, आईचं शिक्षण आणि लहान कुटुंब यांचा हात यात असावा. भात, डाळ आणि जमेल तेव्हा मासा हे तिथलं जेवणही कामी येत असेल.

कांद्यावाचून मात्र त्यांचं पान हलत नाही, आणि घरचा कमी पडला की तो बराचसा आपल्याकडून, लासलगावसारख्या बाजारांतून जात आला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने निर्यात थांबवली तेव्हा ढाक्यात किलोचा भाव दोनशे टक्यांच्या वर गेला, विमानाने कांदा आणावा लागला. इकडे नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला. एका निर्णयाने दोन्हीकडच्या गरीब माणसाच्या ताटात हात घातला.

वादळं आणि पूर?

१९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार, २००७ च्या सिद्रमध्ये सुमारे साडेतीन हजार. वादळं तितकीच जबर होती. मधल्या काळात उंच निवारे बांधले गेले आणि कर्णे घेऊन सायकलवर फिरणारे हजारो स्वयंसेवक तयार झाले. १९९९ च्या दहा हजार मृत्यूंनंतर ओडिशानेही हेच केलं.

ढाका बरं की मुंबई?

दोन्हीकडे घर परवडत नाही. ढाक्याची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवेत मोडते, मेट्रो तिथे डिसेंबर २०२२ मध्ये आली. मुंबईला लोकलचा आधार दीडशे वर्षांहून जुना. रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी मी मुंबई म्हणेन.

तिथे सगळं इतकं सुधारलं, तर २०२४ मध्ये लोक रस्त्यावर का आले?

कारण आयुर्मानाच्या आकड्यात मताचा हक्क मोजला जात नाही. शिकलेल्या मुलांना नोकऱ्या नव्हत्या, सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून ठिणगी पडली, गोळीबारात शेकडो तरुण गेले आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. पोट भरलेलं पण तोंड बांधलेलं जगणं लोकांना पुरत नाही. माणसं कामासाठी आखातात जातात, सीमा ओलांडतात, त्यामागेही हेच, नोकरी आणि मजुरी. बाळं जगवणं एका पिढीत जमलं, त्या बाळांना वीस वर्षांनी काम देणं जमलेलं नाही. आपल्याकडे तरी कुठे जमलंय?

माझ्या जिल्ह्याची तुलना मला करता येईल का?

येईल, आणि करावीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकं इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातल्या चार ओळी काढा: खुरटलेली मुलं, अठराच्या आत लग्न झालेल्या मुली, सुधारित संडास वापरणारी माणसं, दवाखान्यातली बाळंतपणं. शेजारी बांगलादेशाचे वर दिलेले आकडे लिहा. संडासाच्या ओळीत एक खबरदारी घ्या: शेजाऱ्याबरोबर वापरला जाणारा संडास काही पाहण्यांत धरतात, काहींत नाही, म्हणून व्याख्या वाचूनच आकडा उचला. मग तो कागद घेऊन ग्रामसभेला जा, आशाताईंनाही बरोबर घ्या. कुठल्या वाडीतले हे आकडे आहेत ते त्यांना तोंडपाठ असतं.